लांडगा कोणत्या अर्ध्यात?

घरातली एखादी वस्तू बंद पडली की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुणी हात लावला होता?" मग ती वस्तू रेडिओ असो, मिक्सर असो, विहिरीवरची मोटर असो, नाहीतर हप्त्यानं घेतलेला संगणक असो. तिला झालंय काय, ही चौकशी नंतरची. आधी आरोपी हजर झाला पाहिजे. दुसरं वाक्यही ठरलेलं : "काल तर चांगली चालत होती!" जणू काल चालणं हा आज न बिघडण्याचा जामीनच! या दोन वाक्यांच्या आधारावर आमच्या घराण्यानं, आणि माझी खात्री आहे तुमच्याही, आख्खं यंत्रयुग काढलं.

पण जगात काही माणसं अशी निघाली की ती "कुणी?" असं विचारतच नाहीत. ती विचारतात, "कुठं?" बिघाड नेमका कुठं आहे? या साध्या प्रश्नाला स्वतःचा असा एक इतिहास आहे. शाळेच्या पुस्तकात तो येत नाही, कारण त्यात लढाया नाहीत आणि तहही नाहीत. त्यात ढेकूण आहे, पतंग आहे, लांडगा आहे, थोडा ऊस आहे, आणि शेवटी वीस लाख पॅकेटांची एक फाइल आहे, जी उघडायला गेलं की प्रोग्राम जागच्या जागी आडवा होतो. बारामती तालुक्यातलं आमचं पणदरे या इतिहासात कसं शिरलं, ते ओघानं येईलच.

सुरुवात ढेकणापासून. संगणकाच्या बिघाडाला इंग्रजीत 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा, आणि आमच्या वेळच्या शब्दकोशात ढेकूण. एडिसननं १८७८ सालीच एका पत्रात आपल्या शोधांतल्या बारीकसारीक अडचणींना हा शब्द वापरला होता. पुढं ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अगडबंब संगणकात खरोखरीचाच एक पतंग रिलेमध्ये अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवला आणि शेजारी लिहून ठेवलं, की किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे शब्द जुना, विनोद नवा. ग्रेस हॉपर या विदुषी ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगत असत. ती वही आता अमेरिकेत संग्रहालयात आहे. आपल्या एखाद्या कचेरीत कुणी नोंदवहीत मेलेला पतंग डकवला असता, तर वही संग्रहालयात न जाता चौकशी समितीपुढं गेली असती.

ढेकूण काढायची आपली स्वदेशी पद्धत आठवते ना? सगळ्या खाटा एकदम उन्हात, फटीफटीत उकळतं पाणी, दुपारभर आख्खं घर सतरंजीवर. ढेकूण नेमका कुठल्या खाटेत आहे याचा शोध घेण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. रात्री ढेकूण पुन्हा हजर. कारण तो खाटेत नव्हताच. भिंतीवरच्या कॅलेंडरमागं होता. खाटांनी विनाकारण शिक्षा भोगली. या पद्धतीचं वैशिष्ट्य असं, की तिच्यात मेहनत भरपूर होते आणि ज्ञान मात्र कणभरही वाढत नाही.

१९४९ साली केंब्रिजला मॉरिस विल्क्स हा संगणकाचा एक आद्य पुरुष जिना चढत असताना त्याला साक्षात्कार झाला, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच प्रोग्रामांतल्या चुका हुडकण्यात जाणार. आपल्याकडं घर बांधायला काढलेल्या माणसाला हा साक्षात्कार जोत्यावरच होतो.

आता जरा पाण्याकडं वळू. पणदऱ्याच्या शिवाराला नीरा डाव्या कालव्याचं पाणी मिळतं. पाण्याची पाळी आली की कुणाच्या चारीला किती वेळ दार उघडायचं याचा हिशेब ठेवणारा माणूस वही घेऊन उभा असतो. पाणी कमी आलं की सगळं गाव त्याच्या नावानं बोटं मोडतं. पाणी मधेच कुठं फुटलंय, कुठं झिरपतंय, कुणी रात्री दार वर उचललंय, हे त्याची वही आणि चारीची पाहणी या दोन गोष्टी एकत्र आणल्याशिवाय कळत नाही. संगणकांच्या जाळ्यातही हेच घडतं, फक्त पाण्याऐवजी पॅकेटं वाहतात. तुमचं पत्र, फोटो, बँकेचा व्यवहार, सगळ्याचे लहान लहान तुकडे करून तारेतून सोडतात. तो प्रत्येक तुकडा म्हणजे पॅकेट.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीला हा कालवा एकाएकी आटला. तिथली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यात अंतर अवघं चारशे यार्ड. एवढ्या अंतरावर आमच्याकडं माणूस नुसत्या हाकेनं काम भागवतो. तर या चारशे यार्डांत सेकंदाला बत्तीस हजार बिट जायचे, ते चाळीस बिटांवर आले. बत्तीस हजारांचे चाळीस! एस.टी.नं जाणारा माणूस एकदम गोगलगाईवर बसल्यासारखं झालं. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स या दोघांनी याचा छडा लावला. गर्दीमुळं पॅकेट पोचलं नाही, की पाठवणारा तेच पुन्हा पाठवायचा. त्यानं गर्दी वाढायची. मग आणखी पॅकेटं पडायची. की पुन्हा पाठवा. तिकिटाच्या खिडकीवर "आमचं काय झालं?" म्हणून दर मिनिटाला सगळी रांग एकदम पुढं घुसते, तसाच प्रकार. गुन्हेगार कुणीच नव्हता. प्रत्येकजण आपापल्या परीनं कर्तव्यच करीत होता! दोष प्रत्येकानं किती घाई करायची या नियमात होता. तो नियम बदलला, आणि १९८८ साली त्यांचा निबंध छापून आला.

याच प्रयोगशाळेत त्या सुमारास 'टीसीपीडंप' नावाचं एक हत्यार तयार झालं. तारेच्या कडेला बसायचं आणि जाणारं प्रत्येक पॅकेट वहीत उतरवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे पाटावरचा वहीवालाच. आणि त्याची वही म्हणजे कॅप्चर फाइल.

या वहीची रचना मोठी सुबक आहे. सुरुवातीला चोवीस बाइटांचं मुखपृष्ठ. पुढं प्रत्येक पॅकेटाआधी सोळा बाइटांची एक पावती : किती सेकंद, किती मायक्रोसेकंद, पॅकेटातला किती भाग उतरवून घेतला आणि मूळ पॅकेट केवढं होतं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याच्या काट्यावरून गाडी गेली की जी पावती मिळते, ती हीच. वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन. आणि काट्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात जो सनातन संशय असतो, की पावतीवर लिहिलंय ते आणि गाडीत आहे ते एकच का, तो संशय प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मनात नसला की काय होतं, हेच तर या लेखात सांगायचं आहे.

मुखपृष्ठावर एक सांकेतिक आकडा असतो : ए१बी२सी३डी४. तो काही यंत्रांनी लिहिलेल्या फायलींत उलटा दिसतो : डी४सी३बी२ए१. कारण संगणकांत दोन पंथ आहेत. मोठी संख्या लिहिताना एक पंथ मोठा हिस्सा आधी लिहितो, दुसरा लहान हिस्सा आधी. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. इंग्रज 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतो, आधी वीस, मग पाच. आपण 'पंचवीस' म्हणतो, आधी पाच, मग वीस. या दोन पंथांना डॅनी कोहेन नावाच्या गृहस्थानं १९८० साली गलिव्हरच्या प्रवासवर्णनातली, अंडं कुठल्या टोकानं फोडावं यावरून लढणाऱ्या बुटक्यांची नावं दिली. आणि ती देण्यासाठी मुहूर्त निवडला १ एप्रिलचा. मुखपृष्ठावरचा आकडा सुलटा की उलटा हे पाहून, ही वही कुठल्या पंथाच्या माणसानं लिहिली ते ओळखायचं. आता समजा, एखाद्या घाईगर्दीच्या प्रोग्रामानं ते पाहिलंच नाही. तर पावतीवर साठ बाइट लिहिलेलं पॅकेट त्याला शंभर कोटी सहासष्ट लाख बत्तीस हजार नऊशे साठ बाइटांचं दिसतं. बिचारा तेवढी जागा मागायला जातो आणि उंबऱ्यातच कोसळतो. पाच माणसांचा स्वयंपाक सांगितला असताना आचाऱ्यानं पाच गावांचा समजावा, त्यातलाच प्रकार.

ही वही वाचून दाखवणारा सगळ्यात प्रसिद्ध पुराणिक म्हणजे 'वायरशार्क'. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या जेराल्ड कॉम्ब्स यानं १९९८ साली तो पहिल्यांदा लोकांपुढं आणला तेव्हा त्याचं नाव 'इथरियल' होतं. २००६ साली कॉम्ब्सनं नोकरी बदलली आणि नावाचा हक्क जुन्या मालकाकडं राहिला. आपल्याकडच्या वाटणीत होतं तसंच. एकाला वाड्यावरची पाटी मिळाली, दुसऱ्याला वाड्यातली सगळी माणसं. कॉम्ब्सनं माणसं घेतली आणि नवी पाटी लावली. आज जुन्या पाटीचं नाव कुणी काढत नाही.

या पुराणिकाला हजारो भाषा येतात. जाळ्यावर बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक बोलीचा अर्थ लावणारा एकेक स्वतंत्र तुकडा त्यात आहे, आणि ते तुकडे जगभरच्या हौशी आणि पगारी माणसांनी लिहिलेले आहेत. आता एवढे दुभाषे एका घरात ठेवल्यावर त्यातला एखादा भाबडा निघणारच. त्याच्यापुढं पॅकेट आलं आणि पॅकेटानं सांगितलं, "माझ्यात शंभर अक्षरं आहेत," की हा शंभर मोजायला बसतो. प्रत्यक्षात दहाच असतात. अकरावं मोजताना त्याचा पाय शेजारच्याच्या हद्दीत पडतो आणि सगळं घर खाली बसतं. यालाच 'क्रॅश' म्हणतात. पॅकेट परक्याकडून आलेलं असतं, हे त्या भाबड्याला कुणी शिकवलेलं नसतं.

असे भाबडे हुडकून काढायची एक युक्ती १९८८ साली एका वादळानं शिकवली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसाच्या रात्री घरून टेलिफोनच्या तारेनं विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. विजांनी तारेत खरखर होऊन मधेच भलतीच अक्षरं घुसत होती आणि चांगले नावाजलेले प्रोग्राम त्या कचऱ्यानं पटापट मान टाकत होते. दुसरा कुणी असता तर टेलिफोन खात्याला शिव्या देऊन झोपला असता. मिलरनी विद्यार्थ्यांना कामच दिलं, की मुद्दाम कचरा तयार करा आणि प्रोग्रामांना खायला घाला. नव्वदेक प्रोग्राम तपासले, तर कुठल्याही यंत्रावर चौथा ते तिसरा हिस्सा आडवे! वायरशार्कवालेही हेच करतात. चांगल्या कॅप्चर फायली घेऊन त्यांतली अक्षरं मुद्दाम इकडं तिकडं बिघडवतात आणि आपल्याच पुराणिकापुढं ठेवतात. तो कोसळला की त्यांना आनंद होतो. सुनेनं केलेल्या भाकरीत खडा शोधणारी सासू आणि हे लोक यांत फरक एवढाच, की हे लोक स्वतःच्याच भाकरीत खडा शोधतात.

पण कोसळला एवढं कळून भागत नाही. कशानं कोसळला? फायलीत लाखो पॅकेटं, त्यातलं खोडसाळ एखादंच. इथं लांडगा येतो. १९८२ साली एडवर्ड गॉस यांनी अमेरिकेतल्या एका संगणक-मासिकात छोटंसं टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं असं : आख्ख्या अलास्कात एकच लांडगा आहे असं समजा. तो कसा शोधाल? मधोमध कुंपण घाला आणि लांडगा ओरडायची वाट बघा. आवाज ज्या बाजूनं येईल, त्या बाजूच्या मधोमध पुन्हा कुंपण. असं करत करत शेवटी लांडगा एवढ्याशा चौकोनात येतो.

अलास्का आपण पाहिलेलं नाही, पण लांडगा आम्हाला परका नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर आजही लांडगे आहेत. आमच्याच तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जिथं चिंकारा तिथं लांडग्याचं लक्ष असणारच. एखाद्या धनगराचं कोकरू गेलं की तो काही सगळा माळ पालथा घालत बसत नाही. कुत्री कुठल्या अंगाला भुंकली, मेंढरं कुठल्या अंगाला बुजली, यावरून निम्मा माळ तो आधीच सोडून देतो. गॉससाहेबांनी त्याला फक्त कुंपण घातलं.

या कुंपणाची ताकद एकदम लक्षात येत नाही. वीस लाखांतून एक शोधायचा, तर एकामागून एक तपासताना आयुष्य संपेल. पण निम्मं, निम्म्याचं निम्मं असं करत गेलं तर एकवीस पायऱ्यांत काम होतं. वीस लाख आणि एकवीस! आपल्या दप्तरदिरंगाईच्या देशात हा हिशेब शाळेत पहिल्या धड्यातच शिकवायला हवा.

आता पणदरे. आमचा भाचा पुण्याला एका कंपनीत जाळ्याच्या कामात आहे. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. गेल्या दिवाळीत तो आजोळी आला तो तोंड पाडूनच. कॅप्चर फाइल उघडली की कंपनीचा वाचक-प्रोग्राम कोसळत होता, आणि कचेरीत चार दिवस "कुणी हात लावला?" हा आपला राष्ट्रीय खेळ चालू होता. संशय एका नव्यानं लागलेल्या पोरावर होता. त्यानं आदल्या आठवड्यात कुठंतरी काही बदललं होतं म्हणे. "काल तर चालत होतं" हे वाक्य साहेबांनी इंग्रजीतून म्हटलं, एवढाच काय तो फरक.

ओसरीवर आमचे थोरले चुलते, तात्या, पान जुळवत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय रं, काय बिघडलंय?" भाच्यानं समजेल अशा भाषेत सांगितलं. तात्या म्हणाले, "मग निम्मं बंद करून बघ की! ठिबकचं प्रेशर पडलं की मी काय करतो? निम्मे व्हॉल्व्ह बंद. प्रेशर आलं तर फुटलंय ते बंद केलेल्या अंगाला. न्हाय आलं तर ह्या अंगाला. त्यात काय दिवाळी घालवायची?"

भाचा हसला. पण त्या रात्री जेवणं झाल्यावर बसला. मीही शेजारी बसलो, मुख्यतः चिवड्यासाठी.

त्यानं पहिल्यांदा फाइल निम्मी केली नाही. आधी थर वेगळे केले. आतला अर्थ न लावता नुसत्या पावत्या वाचून पुढं जाणारं एक साधं हत्यार असतं. त्यानं फाइल शेवटपर्यंत वाचून दाखवली. म्हणजे वहीची शिवण शाबूत. मग खिडकी, रंग, चित्रं काही नसलेला, नुसता अर्थ लावणारा भाग चालवला. तो कोसळला. म्हणजे दोष पडद्यावरच्या नटव्या भागातही नाही. राहिला दुभाषा. तीन खोल्यांतल्या दोन खोल्यांना दहा मिनिटांत कुलूप लागलं.

मग 'एडिटकॅप' नावाच्या कात्रीनं फाइल निम्मी केली. पहिली निम्मी उघडली, छान उघडली. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे दुसऱ्या निम्म्यात आहे." दुसरी निम्मी उघडली. तीही छान उघडली! लांडगा दोन्हीकडं ओरडेना. एकत्र केली की मात्र पुन्हा आडवं.

तात्यांना सकाळी हे सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "भाऊबंद असत्याल," ते म्हणाले. "एकेकटे भेटले तर दोघंबी देवमाणसं. एका बांधावर आणले की कोर्ट."

अगदी तसंच होतं. दोष एका पॅकेटात नव्हता, दोघांच्या जोडीत होता. तेव्हा भाच्यानं रात्री पद्धत बदलली. निम्मं 'ठेवून' बघण्याऐवजी थोडं 'काढून' बघायचं. फायलीचे आठ तुकडे केले, एकेक तुकडा वगळून बाकीची फाइल उघडली. सहा तुकडे वगळले तरी कोसळणं चालूच. ते सहा निर्दोष सुटले. दोन तुकड्यांपैकी कुठलाही वगळला की सगळं सुरळीत. मग त्या दोघांचे आणखी तुकडे, पुन्हा वगळणं. चाळीसएक वेळा प्रोग्राम पडला-उठला, दोनदा चहा झाला, आणि रात्री एकच्या सुमारास वीस लाखांच्या फायलीतून दोन पॅकेटं उरली.

एका मोठ्या निरोपाचे ते दोन तुकडे होते. पहिल्यानं सांगितलं होतं, निरोप एवढा एवढा आहे. दुसऱ्यानं आणलेला माल त्याहून जास्त होता. दुभाष्यानं जागा राखली पहिल्याच्या पावतीवरून आणि भरली दुसऱ्याच्या गाडीवरून. पावती पाच टनांची आणि गाडी सात टनांची. दोन टन ऊस शेजाऱ्याच्या अंगणात. सापडल्यावर कळलं की हा दुभाषा गेली कित्येक वर्षं तसाच भाबडा होता. फक्त अशी जोडी त्याला कधी भेटली नव्हती. ज्या पोरावर संशय होता त्यानं त्या भागाला बोटही लावलेलं नव्हतं. कचेरीत त्याची माफी मागितली गेली की नाही, ते भाच्यानं सांगितलं नाही. पोराची नोकरी राहिली, एवढं सांगितलं.

दोन पॅकेटं उरल्याचा आणखी एक फायदा. आख्खी कॅप्चर फाइल कुणाला पाठवता येत नाही. तिच्यात लोकांची पत्रं, पासवर्ड, बँकेची कामं, सगळं उतरलेलं असतं. दुरुस्त करणारा म्हणतो फाइल दाखवा, देणारा म्हणतो दाखवता येत नाही, आणि तक्रार महिनोन् महिने लोंबकळत राहते. दोन निरुपद्रवी पॅकेटं मात्र पोस्टकार्डावर लिहूनही पाठवता येतील.

भाच्यानं रात्री हातानं जे केलं, ते आपोआप करायची रीत आंद्रेयास झेलर या जर्मन संशोधकानं १९९९ साली मांडली. त्याच्या निबंधाचा मथळा काय होता माहीत आहे? काल माझा प्रोग्राम चालत होता, आज चालत नाही, का बरं? म्हणजे आपली घराघरातली ओरड जर्मनीत विद्वत्तेला पोचली. त्याच वर्षी 'मोझिला' या ब्राउझरकडं कोसळण्याच्या तक्रारींचा एवढा ढीग साचला होता, की त्यांनी लोकांना विनवणी केली : प्रत्येक तक्रारीतलं पाल्हाळ काढून ती लहानात लहान करून द्या. अशा वीस तक्रारी लहान करून देईल त्याला इंजिनियरांच्या सह्या असलेला टी-शर्ट! पुढं झेलर आणि त्याच्या सहकाऱ्यानं ज्या पानावर मोझिला कोसळत होता त्याच्या ८९६ ओळी रीतसर छाटल्या, तेव्हा उरली एक ओळ. ८९५ ओळी नुसत्या बघ्यांच्या गर्दीत उभ्या होत्या. आपल्या किती भांडणांची अशी छाटणी करता येईल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

तुम्ही म्हणाल, हा सगळा परदेशी मामला. तर फेब्रुवारी २०१८ ची गोष्ट ऐका. तेलुगूतला 'ज्ञा' हा एक विशिष्ट प्रकारे लिहिलेला अक्षरसमूह आला, की ॲपलचे फोन कोसळायला लागले. 'ज्ञान' या शब्दातलाच ज्ञा, आणि त्यानंच यंत्र आडवं, यावर जगभर कोट्या झाल्या. बातम्यांत सरळ 'तेलुगू अक्षरानं फोन पडतो' असं आलं. म्हणजे "कुणी?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं : तेलुगूनं. मनीष गोरेगावकर या प्रोग्रॅमरनं मात्र शांतपणे बसून छाटणी केली. एकेक अक्षर बदलून बघितलं. तेव्हा निघालं असं, की दोष एका अक्षरात नाही आणि एका भाषेतही नाही. जोडाक्षर, त्यानंतर 'हे जोडू नका' असं सांगणारी एक अदृश्य खूण, आणि लगेच काना-मात्रेसारखं स्वरचिन्ह, हा क्रम जुळला की अक्षरं जुळवणारा भाग कोलमडतो. तेलुगूत, बंगालीत आणि आपल्या देवनागरीतसुद्धा. देवनागरीत तर आपल्या ज्ञ चा यात काडीचाही संबंध नव्हता. तिथं जोडाक्षरातलं दुसरं अक्षर र असावं लागे. त्याच महिन्याच्या १९ तारखेला ॲपलनं दुरुस्ती पाठवली आणि तेलुगूवरचं किटाळ गेलं.

आणि कालवा? नीरेचा कालवा आला, ऊस आला, पैसा आला आणि मागोमाग जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. चोपण. काही पिकेना. अशा वेळी गावात काय बोललं जातं ते सांगायला इतिहासकार नको : कुणाची नजर, कुणाचं पाप, कुणाचा आळस. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली पुस्तिका प्रसिद्ध केली. माणसं बाजूला ठेवून त्यांनी माती आणि पाणी तपासलं. पाटाचं पाणी झिरपतं, जमिनीखालचं पाणी वर चढतं, आपल्याबरोबर मीठ वर आणतं, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. दोष शेतकऱ्याच्या नशिबात नव्हता, दोन-तीन हात खोल होता. कुठं ते कळलं, तेव्हा चर खणून पाणी काढून द्यायची भाषा सुरू झाली. नशिबाला चर खणता येत नाही.

परवा पणदऱ्यात आमच्या आळीचा डीपी उडाला. अंधारात पहिला आवाज आला तो अर्थातच, "कुणी आकडा टाकलाय रं?" दोन-चार नावंही पुढं आली. तेवढ्यात पलीकडून तात्यांचा आवाज आला, "नावं नंतर घ्या. आधी निम्मी आळी बंद करून बघा." वायरमननं बघितलं. फॉल्ट तात्यांच्याच गोठ्यात निघाला.